अकरा नंबरचा श्वास

सर्जरीच्या वॉर्डात सव्वीस खाटा होत्या आणि सव्वीसच्या सव्वीस माणसं मिनिटाला बरोबर अठरा वेळा श्वास घेत होती. निदान कागदावर तरी. म्हातारा असो, तरणा असो, पित्ताशय काढलेला असो की मांडीत सळई घातलेला, खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात अठराच. कुणाला अगदीच राहवलं नाही तर वीस.

यात कुणाचा डाव नव्हता. नाडीला यंत्र होतं, रक्तदाबाला यंत्र होतं, बोटाला चिमटा लावला की रक्तातला ऑक्सिजन कळायचा. श्वासाला मात्र यंत्र नव्हतं. तो मोजायचा तर खाटेपाशी अख्खं एक मिनिट उभं राहून माणसाच्या छातीकडे बघावं लागतं. सव्वीस खाटांची सव्वीस मिनिटं, दिवसातून चारदा. सिस्टरांना तेवढी उसंत नसायची, म्हणून हा रकाना केव्हातरी मावश्यांकडे सरकला. मावशी म्हणजे वॉर्डात अंग पुसणारी, शौचाचं भांडं देणारी, चादरी बदलणारी बाई. तिचं वय काहीही असो. तसा लेखी हुकूम कधी निघाला नाही. एक दिवस पेन हातात आलं, एवढंच. खाली सही सिस्टरची.

या वॉर्डात एकच मावशी खरोखर मोजायची. तिला सगळे गणतीमावशी म्हणत.

मोजण्याची खोड जुनी. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत ती सुयांच्या कारखान्यात होती. एका पाकिटात पंचवीस सुया, दिवसाला हजारभर पाकिटं. तिथे ती मोजायची असं म्हणणंही चूक. चिमूट भरली की बोटांना कळायचं, चोवीस आहेत, एक कमी. कारखाना बंद पडला आणि ती इस्पितळात आली, तरी डोक्यातली मोजणी काही बंद पडली नाही. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, समोरच्या गच्चीवर वाळणारे सदरे. घरी जाऊबाई वैतागायची. "अगं, मी तुझ्याशी बोलतेय आणि तू माझ्या ओंजळीतल्या शेंगा मोजतेयस!" त्यावर ती शांतपणे सांगे, "एकोणीस आहेत. दोन किडक्या."

श्वास कसा मोजायचा ते तिला एका वयस्क सिस्टरनं शिकवलं होतं. ती केव्हाच निवृत्त झाली. माणसाला सांगायचं नाही की श्वास मोजतेय. सांगितलं की तो श्वास सांभाळून घ्यायला लागतो, फोटो काढताना पोट आत घेतात तसा. म्हणून त्याचं मनगट हातात घ्यायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर हळूच छातीवर ठेवायची. वर गेली, खाली आली, एक.

दुपारी जेवणं झाली की पडदे ओढले जात. पडदे फिकट हिरवे, त्यामुळे आतला उजेड तळ्याच्या पाण्यासारखा व्हायचा आणि सव्वीस खाटा त्या पाण्यात नांगर टाकलेल्या होड्यांसारख्या दिसायच्या. गणतीमावशी अनवाणी वाटावी अशा मऊ चपलांनी एकेका होडीपाशी थांबायची. कुणाचा श्वास वरवर खेळायचा, कुणाचा खोल जाऊन बराच वेळ तिथेच रेंगाळायचा. मोजता मोजता तिचा स्वतःचा श्वास समोरच्याच्या तालावर चालायला लागे. मग पंख्याचा आवाज पुसट होई, भिंती जरा दूर सरकत, आणि ती जागी आहे की झोपेत हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आकडा मात्र चुकत नसे. त्या सव्वीस मिनिटांसाठीच आपण इथे येतो, असं तिला मनातून वाटे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

सात आठवड्यांपूर्वी ते मोडलं.

प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक लाल दोरी होती. ओढली की बाहेर दिवा लागे, घंटा वाजे आणि एक डॉक्टर, दोन सिस्टर अशी तातडीची तुकडी ट्रॉली ढकलत धावत येई. दोरी कुणीही ओढावी असा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेला. पण नियम भिंतीवर असतो आणि वॉर्डात माणसं असतात. मावशीनं सिस्टरला सांगायचं, सिस्टरनं डॉक्टरला, अशी तिथली रीत. गणतीमावशीनं सोळा वर्षांत एकदाच ती रीत मोडली. चार नंबरला एक म्हातारे कारकून झोपले होते. श्वास मिनिटाला आठ, मध्येच लांबलचक थांबा. तिनं दोरी ओढली. तुकडी आली, ट्रॉली आली, डॉक्टरनं कारकुनांच्या छातीवर मूठ चोळली. त्यांनी डोळे उघडले, भोवतीच्या सात चेहऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा आला का?"

ते घोरणारे होते आणि घोरणं अडकलं होतं, बाकी काही नाही. वॉर्ड आठवडाभर हसला. मेट्रन मात्र हसली नाही. तिनं लेखी समज दिली: पुन्हा विनाकारण दोरी ओढल्यास धुलाई विभागात बदली. धुलाई विभाग तळघरात होता. तिथे मोठाल्या यंत्रांचा घरघराट इतका, की शेजारी उभ्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे. तिथे कुणाचा श्वास ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवसापासून गणतीमावशी इतरांसारखी अठरा लिहू लागली. मोजलं की दिसतं, दिसलं की सांगावं लागतं, आणि सांगितलं की हसं होतं. त्यापेक्षा पायथ्याशी उभं राहून सरळ लिहून टाकलेलं बरं. सव्वीस मिनिटांचं काम चार मिनिटांत उरकू लागलं. उरलेल्या वेळात ती कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घाली आणि त्या मोजी.

अकरा नंबरला एक बस ड्रायव्हर होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, अंगानं थोराड, तोंडानं अखंड चालू. त्याच्या आतड्याचा वीतभर तुकडा काढून दोन टोकं शिवली होती. त्याला पाच दिवस झाले होते आणि उद्या घरी सोडायचं घाटत होतं. पहिल्याच दिवशी त्यानं गणतीमावशीला अडवलं होतं. "तुम्ही माझ्या मावशी कशा हो? मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा."

"इथे सगळ्यांची मावशी आहे मी. मेट्रनबाईंची सुद्धा."

"मग माझी धाकटी मावशी," त्यानं ठरवून टाकलं आणि तेव्हापासून तो तिला धाकटी मावशीच म्हणे. त्याची बायको दिवसभर शेजारच्या स्टुलावर बसून असे. ती कमी बोलणारी होती. तिच्या वाट्याचंही तोच बोले.

त्या दिवशी सकाळी सातला गणतीमावशी त्याचं अंग पुसत होती आणि तो कुठल्याशा प्रवाशाची गंमत सांगत होता. प्रवासी बसमध्ये झोपला, आगारात जाऊन उठला आणि म्हणाला, माझं घर कुठे नेऊन ठेवलंत? एवढी छोटी गंमत, पण तो सांगताना दोनदा थांबला. "माझं घर," मग थांबा, "कुठे नेऊन," पुन्हा थांबा. तिचा हात क्षणभर त्याच्या पाठीवर तसाच राहिला. मग तिनं कापड पिळलं आणि पुढची खाट गाठली. नंतर त्याची बाटली रिकामी करताना लघवी अर्धा पेलाभर दिसली, गडद चहाच्या रंगाची. तीही तिनं पाहिली आणि ओतून टाकली. बाराला तिनं पायथ्याशी उभं राहून अठरा लिहिलं. ड्रायव्हर डोळे मिटून पडला होता. बायको पिशवी भरत होती.

सव्वादोन झाले. पडदे ओढले गेले, हिरवा उजेड उतरला. गणतीमावशी अकरा नंबरची पाण्याची सुरई भरून ठेवायला गेली आणि तिची नजर, तिला न विचारता, त्याच्या छातीवर गेली. सात आठवड्यांत पहिल्यांदा. वर, खाली, वर, खाली, मध्ये कुठे विसावाच नाही. माणूस झोपलेला आणि श्वास मात्र चढण चढणारा. तिनं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंखा पुसट झाला, भिंती दूर सरकल्या. ती पुन्हा तिथे पोचली होती, पण आज ते तळं शांत नव्हतं.

तीस.

तिनं आणखी एक मिनिट मोजलं. एकतीस. मनगट गार आणि ओलसर. तिनं पायावरची चादर बाजूला केली. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती, संगमरवराला असते तशी. बाटली सकाळपासून कोरडी.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. अहो, दादा! उठता का जरा?"

ड्रायव्हरनं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, पण धाकटी मावशी म्हणाला नाही. "गाडी सोडायची का?" त्यानं विचारलं. "किती वाजले? गाडी सोडायला हवी."

बायको हसली. "झोपेत आहेत."

गणतीमावशी मधल्या टेबलापाशी गेली. तिथे पाळीवरची सिस्टर एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं औषधं लावत होती. वयानं हिच्या मुलीएवढी, कामाला चोख, कायम घाईत.

"सिस्टर, अकरा नंबर बघता का? श्वास तीस आहे."

"मावशी, आत्ता? तो उद्या घरी चाललाय." तिनं फोनवर हात ठेवला. "आणि बाराला किती होता?"

"अठरा," गणतीमावशी म्हणाली. कागदावर तेच होतं.

"मग झालं तर. घरी जायच्या आनंदात असेल. पाच मिनिटांत येते."

ती परत अकरा नंबरपाशी आली. लाल दोरी उशीच्या वर लोंबत होती, पंख्याच्या वाऱ्यानं जरा जरा हलत होती. पाच मिनिटं म्हणजे दीडशे श्वास, आणि वॉर्डातली पाच मिनिटं म्हणजे पंधरा. तळघरातल्या यंत्रांचा घरघराट तिला इथे उभ्या उभ्या ऐकू आला. चार नंबरची खाट समोर होती. तिथे आता दुसरं कुणी होतं. ड्रायव्हर चादरीवर उजवा हात पुढे मागे करत होता, गिअर बदलावा तसा.

तिनं दोरी ओढली.

घंटा वाजली, पडदे सर्रकन उघडले, हिरवा उजेड फाटला. ट्रॉली आली, मागोमाग सर्जन डॉक्टरबाई आल्या. सिस्टर फोन तसाच टाकून धावली. येता येता तिनं गणतीमावशीकडे असं पाहिलं की बोलायची गरज नव्हती. पण चिमटा बोटाला लागला, पट्टा दंडाला लागला आणि तिची नजर बदलली. ऑक्सिजन नव्वद. नाडी एकशे चोवीस. रक्तदाब खाली. मुखवटा चढला, दोन्ही हातांत सुया गेल्या, सलाईन जोरात सोडलं, रक्ताच्या नळ्या भरल्या. पलीकडच्या खाटांवरची माणसं कोपरांवर उठून बघत होती.

डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं. ते दुखत होतं, पण पाच दिवसांपूर्वी चिरलेलं पोट दुखणारच. मग त्यांनी तक्ता उचलला.

"सकाळी अठरा, बाराला अठरा आणि आता तीस?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "दोन तासांत एकदम चढलाय. फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेलेली दिसतेय. रक्त पातळ करायचं इंजेक्शन काढा, मोठा डोस."

सिस्टर ट्रॉलीचा खण उघडू लागली.

गणतीमावशी भिंतीला टेकून उभी होती. ट्रॉली आली की मावशीनं भिंतीला लागायचं, हीही तिथली रीत. तिला इंजेक्शनातलं काही कळत नव्हतं. एवढं कळलं की डॉक्टरबाई तिच्या आकड्यावर हात ठेवून उभ्या आहेत आणि तो आकडा पोकळ आहे.

"बाई, तो अठरा खरा नाही."

डॉक्टरबाईंनी मान वळवली. "म्हणजे?"

"मोजला नव्हता. नुसता लिहिला. सकाळचाही आणि बाराचाही."

खण अर्धा उघडा राहिला. मुखवट्यातून सूं सूं आवाज येत होता. ड्रायव्हरची बायको पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिनं गणतीमावशीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

"कुणी लिहिला?"

"मी."

"मग खरा किती होता?"

"मोजला नाही. पण सकाळी सातला अंग पुसताना ते बोलता बोलता थांबत होते. एका वाक्यात दोनदा. काल नव्हते थांबत. आणि लघवी सकाळी अर्धा पेला, काळपट. त्यानंतर काहीच नाही."

"म्हणजे सकाळपासून आहे हे."

"हो, बाई. सकाळपासूनच."

डॉक्टरबाईंनी पुन्हा पोटावर हात ठेवला. या वेळी जास्त वेळ ठेवला, ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघत. "इंजेक्शन थांबवा," त्या म्हणाल्या. "आधी पोटाचा स्कॅन. जंतूंवरचं औषध आत्ता, इथेच सुरू करा. ऑपरेशन थिएटरला सांगून ठेवा. शिवण सुटली असेल तर रक्त पातळ करून मला पोट उघडायचं नाही."

खाट चाकांवर निघाली. बायको मागे धावली. अकरा नंबरच्या जागी फरशीचा मोकळा चौकोन उरला आणि त्यात ड्रायव्हरच्या चपला.

शिवण सुटली होती. पोटात घाण पसरायला लागली होती आणि तिचं विष रक्तात उतरत होतं. पाचला थिएटरचं दार लागलं ते साडेसातला उघडलं. गणतीमावशीची पाळी चारला संपली होती, पण ती कपड्यांच्या खोलीत घड्या घालत बसली. साडेसातला सिस्टर दारात आली. तीही घरी गेली नव्हती.

"आहे," सिस्टर म्हणाली. "अतिदक्षतेत नेलंय." मग, "त्या प्रत्येक अठराखाली माझी सही आहे, मावशी. माहितेय ना तुम्हाला?"

"माहितेय."

"मग आधी मला तरी सांगायचं."

"तुम्ही फोनवर होतात," गणतीमावशी म्हणाली. सिस्टरनं शेजारी बसून एक चादर ओढून घेतली. तिला घडी नीट घालता येत नव्हती. मावशीनं ती पुन्हा घातली.

घरी पोचल्यावर तिनं जाऊबाईला सगळं सांगितलं. जाऊबाईनं ताट पुढे सरकवलं. "जेव आधी. तुझं तोंड तू उघडलंस, ते बरं केलंस. उघडायला सात आठवडे लावलेस, ते नाही बरं केलंस."

मेट्रननं दुसऱ्या दिवशी बोलावलं. किती दिवस असं लिहिलं, तिनं विचारलं. सात आठवडे. का? गणतीमावशीनं चार नंबरच्या कारकुनांचं नाव काढलं नाही. मेट्रनला ते आठवलंच असावं, कारण तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. दोरी ओढल्याबद्दल ती काहीच बोलली नाही. धुलाई विभागाचंही नाव निघालं नाही. फक्त रकाना काढून घेतला. आता श्वास सिस्टरनंच मोजायचा, घड्याळ लावून, पूर्ण मिनिट. आणि मावशीनं पेनाला हात लावायचा नाही. हे सगळं कागदावर आलं आणि गणतीमावशीनं खाली सही केली.

ड्रायव्हर नऊ दिवस अतिदक्षतेत होता. तिथे श्वासालाही यंत्र होतं आणि आकडा काचेवर हिरवा चमकायचा. दहाव्या दिवशी तो वॉर्डात परतला, चौदा नंबरला. थोराडपणा गेला होता, पोटाला शौचाची एक पिशवी लागली होती, आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येत होता.

गणतीमावशी सकाळी पाणी आणि कापड घेऊन गेली, तेव्हा बायकोनं भांडं तिच्या हातून काढून घेतलं. "मी पुसते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. त्या दिवशी तिनं पुसलं, दुसऱ्या दिवशी पुसलं, तिसऱ्या दिवशीही. गणतीमावशी पाणी आणून ठेवायची, घेऊन जायची. पाणी बेताचं गरम आहे ना, एवढंच बघायची. ड्रायव्हर दोघींकडे आळीपाळीनं बघायचा आणि काही कळत नाही असं दाखवायचा. त्या दुपारी भिंतीशी कोण काय बोललं, ते त्याला कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

चौथ्या दिवशी दुपारी पडदे ओढलेले होते. सिस्टर नुकतीच सगळा वॉर्ड मोजून टेबलाशी बसली होती. गणतीमावशी चादरींचा गठ्ठा घेऊन चौदा नंबरवरून जात असताना बायको हलक्या आवाजात म्हणाली, "जरा इकडे या."

ती थांबली.

"सिस्टरनं आत्ता एकवीस लिहिलंय. मला जास्त वाटतंय. तुम्ही बघा."

"मला मनाई आहे. लिहायला."

"लिहू नका. मला सांगा."

गणतीमावशीनं गठ्ठा खाटेच्या कडेला ठेवला आणि ड्रायव्हरचं मनगट हातात घेतलं. बायकोनं भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं. हिरव्या उजेडात तिघंही निश्चल झाली. पंखा दूर गेला. वर गेली, खाली आली, एक. वर गेली, खाली आली, दोन. कुणीतरी खोकलं, ते फार लांबून आल्यासारखं आलं.

"झालं मिनिट," बायको म्हणाली.

"वीस."

"मी पण मोजले. बावीस आले."

"शेवटचे दोन तुम्ही घाईत धरलेत."

"मी नाही धरले घाईत!"

"अहो, धाकटी मावशी," ड्रायव्हर डोळे न उघडता पुटपुटला, "भांडू नका. मला हसू येतं आणि हसलं की पोट दुखतं. आकडाही बिघडेल."

"तुम्ही बोलू नका," दोघी एकदम म्हणाल्या.

बायकोनं स्टूल जरा सरकवलं आणि गणतीमावशीला बसायला अर्धी जागा केली. मग सेकंदकाटा पुन्हा बारावर येईपर्यंत दोघी वाट बघत राहिल्या.